स्पॉयलरभाऊ

मनमाडात गाडी धुणं हा गुन्हा नाही, पण पाप नक्की आहे. उन्हाळ्यात जिथं नळाला वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा दिवस पाणी आलं नाही आणि वाघदर्डी धरणाच्या पातळीची चौकशी लोक घरातल्या आजाऱ्यासारखी करतात, तिथं कुणाच्या दारात गाडी लखलखत असली की शेजारी आधी गाडीकडे नाही, गच्चीवरच्या टाकीकडे बघतात. म्हणून आमचा स्पॉयलरभाऊ हे पाप चांदवडला जाऊन करतो. पंचवीस किलोमीटर जायचं, फोम वॉश मारायचा आणि परत येताना कांद्याच्या ट्रॅक्टरमागे निम्मी धूळ पुन्हा अंगावर घ्यायची. घरी आल्यावर मऊ फडक्यानं ती पुसत बसायचं. या पुसण्यात त्याचा रविवार जातो आणि तो सुखात जातो.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे; गावात ते कुणी वापरत नाही. त्याची स्पोर्ट्स कार म्हणजे सेकंडहँड स्विफ्ट. २००५ साली पहिली स्विफ्ट आली, त्या पिढीतली, १.३ लिटर पेट्रोल. कागदावर ती हॅचबॅक आहे. पण मारुतीनं ती अर्धवट सोडली होती आणि पुरी करायचं काम आपल्याकडे आलं, अशी भाऊची श्रद्धा आहे. दैवत एकच, गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रिया. त्यांची अवंती ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत झळकली, तेव्हाचा फोटो याच्या डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी आहे. ‘आधी रूप, मग बाकीचं’ हा बोध मात्र त्या फोटोतून त्याचा त्यानंच काढला.

नावाला कारण झालेला स्पॉयलर डिक्कीवर बसवला होता. स्पॉयलरचं काम म्हणजे भरधाव गाडीवरून जाणाऱ्या वाऱ्याला वळण लावून मागचा भाग रस्त्याला धरून ठेवणं. स्विफ्ट ओढतात पुढची चाकं, त्यांना मागच्या दाबाचा उपयोग नाही; आणि वारा कामाला यायला वेग शंभराच्या आसपास तरी हवा. आपल्या गावातून पुणे-इंदूर रस्ता जातो. पानेवाडीचे पेट्रोलचे टँकर, एफसीआयचे धान्याचे ट्रक आणि शिर्डीला निघालेल्या बसा एकाच वेळी रेल्वे ओव्हरब्रिजवर चढल्या की वेग वीस. त्या वेगाला स्पॉयलरचा एकच उपयोग व्हायचा : पोरं त्यावर चहाचे ग्लास ठेवायची.

मग आली चाकं. मूळचा टायर १८५/७० आर १४, म्हणजे रबराची भिंत साधारण १३० मिलिमीटर उंच. भाऊनं सतरा इंची अलॉय बसवले आणि त्यावर २०५/४० चे टायर. भिंत उरली ८२ मिलिमीटर. खड्ड्याचा जो दणका आधी रबर खायचं, तो आता रिम खाऊ लागली, रिमनंतर बेअरिंग आणि शेवटी भाऊची कंबर. चाकही एकूण दोनेक सेंटिमीटर बुटकं झालं, त्यामुळे स्पीडोमीटर जरा जास्तच वेग दाखवू लागला. गाडी धावायची ९७ ने, काटा सांगायचा १००. इंजिनाला हात न लावता वेग वाढवणारा मनमाडातला हा पहिलाच माणूस.

तरी चाक आणि मडगार्डमध्ये ‘गॅप’ दिसत होती. ही गॅप भाऊला रात्री झोपू देईना. त्यानं स्प्रिंगचा एकेक वेढा कापून घेतला. नेहमीच्या गॅरेजातल्या उस्तादांनी नाही म्हटलं, म्हणून दुसऱ्या गॅरेजात जाऊन कापला. गाडी खाली बसली. दारात उभी असली की चित्त्यासारखी दिसायची, यात शंका नाही. अडचण चालायला लागल्यावर होती. गतिरोधक आला की गाडी तिरकी घ्यायची, आणि तरी पोट घासायला लागलं की मागच्या दोघांनी उतरायचं. ‘ए भो, उतर ना जरा’ हे वाक्य त्याच्या मित्रांना इतकं पाठ झालं की गतिरोधक दिसताच दारं आपोआप उघडत. गाडीपेक्षा पोरंच जास्त चालली.

एकदा आत्याला येवल्याला पैठणी बघायला न्यायचं ठरलं. अनकाईपर्यंत आत्या तीनदा उतरल्या. चौथ्यांदा त्या उतरल्या त्या बसल्याच नाहीत. रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी एसटीला हात केला आणि खिडकीतून सांगितलं, ‘तू ये रे सावकाश. मी दुकानात बसते.’

भाऊचे वडील, अण्णा, रेल्वेच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमधून निवृत्त झाले. तिथं पुलांचे गर्डर बनतात. भार कुठून येतो आणि कुठं उतरतो यापलीकडे जगात विचार करण्यासारखं काही आहे, असं अण्णांना वाटत नाही. त्यांनी एका संध्याकाळी गाडीचं बॉनेट तळहातानं दाबलं. गाडी हलली नाही. अण्णा म्हणाले, ‘शेकडो टनांच्या पुलालासुद्धा आम्ही बेअरिंगवर बसवतो, थोडं सरकू देतो. तू हिला हलूच देत नाहीस. चाक खड्ड्यात उतरलं नाही तर ते रस्ता धरणार कसं?’

मुद्दा बिनतोड होता. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिची हालचाल संपते, रबरी ठोकळा लगेच टेकतो आणि ऐन वळणात टायर रस्ता सोडून उडी मारतो. पण भाऊकडे उत्तर तयार होतं. ‘अण्णा, गाडी दिवसातून तासभर चालते. तेवीस तास उभीच असते ना? आणि वळताना बघायला कोण असतं? उभी असते तेव्हा अख्खं गाव बघतं.’ या हिशेबात चूक कुठं आहे, ते अण्णांना पुष्कळ वेळ सापडलं नाही. त्याच्या रीलही सगळ्या उभ्या गाडीच्या : मागं हडबीच्या शेंडीचा सुळका, पुढं स्विफ्ट, आणि दोन्ही सारख्याच स्थिर.

विघ्न आलं ते सरकारी. गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणीचं नूतनीकरण आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करू नका. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. तेव्हा मालेगावच्या आरटीओत जायच्या आधी सगळा साज उतरवणं आलं. भाऊ उस्तादांच्या पायाशी गेला. उस्तादांनी दिवाणाखालची जुनी चाकं आणायला लावली, गरजणारा सायलेन्सर काढून मूळचा लावला, भंगारातून धड स्प्रिंगा शोधल्या. शॉकअप चारही तेल गाळत होते, ते नवे टाकले. बुश बदलले, अलाइनमेंट केलं, हवा कंपनीच्या आकड्यावर आणली. स्पॉयलरच्या जागी चार भोकं राहिली, त्यांवर टेप आली.

भाऊ मालेगावला गेला आणि आला तो थेट गॅरेजात. चेहरा उतरलेला. ‘चाचा, काहीतरी बिघडलंय. आवाजच येत नाही. वळणावर स्टिअरिंग धरलं की गाडी तिकडंच जाते. ब्रेक मारला की थांबते.’

उस्तादांनी बिडी विझवली. ‘बिघडा कुछ नहीं, भाई. ये गाडी ऐसीच है.’

तीन-चार दिवस भाऊ कुणाशी बोलला नाही. मग तडजोड झाली. पंधरा इंची अलॉय, त्यावर १९५/६० चा टायर. त्याची एकूण उंची मूळच्या टायराइतकीच भरते, त्यामुळे काटाही खरं बोलतो. गाडी किंचित खाली, पण बोटभरच, आणि ती योग्य स्प्रिंगांवर. उस्तादांनी खर्चाचा क्रमही भिंतीवर खडूनं लिहून दिला : टायर, ब्रेक, शॉकअप, मग रंगरंगोटी. आत्या येवल्याला जाऊन आल्या, एकदाही न उतरता. अण्णांनी बॉनेट दाबलं, ते खाली गेलं, एकदाच वर आलं आणि थांबलं. अण्णा काही न बोलता आत गेले. त्यांच्याकडून हे बक्षीसच.

पण भाऊ खंगत चालला. एवढा खर्च केला आणि कुणाला काही दिसेना. चौकात कुणी विचारीना, ‘काय टाकलं भो?’ नवे शॉकअप चाकाच्या आड, बुश त्याच्याही आड. दाखवायचं काय?

महिनाभरात त्यानं तोड काढली. पुढच्या स्प्रिंगा लालभडक रंगवल्या आणि आता गाडी उभी करताना तो स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवतो, म्हणजे चाकामागचा लाल रंग रस्त्यावरून दिसतो. उस्ताद परवा जाता जाता थांबले, त्या तिरक्या चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘चलो, उभ्या उभ्या का होईना, हँडलिंगचा शौक लागला पोराला.’