‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणणाऱ्या मिस्त्रींना खुले पत्र

मिस्त्री,


माझ्या धाकट्या भावाची पेट्रोल टॅक्सी तुमच्याकडे आली तेव्हा तिचं रनिंग 1,80,000 किलोमीटर झालं होतं. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आयडलिंगचा काटा 800 वरून 500 वर पडून पुन्हा उसळायचा आणि बॉनेटखालून टकटक यायची. तुम्ही आधी प्लग बदललेत, मग कॉइल, मग फ्युएल पंप. प्रत्येक वेळी ‘आता होईल’. काहीच होईना, तेव्हा मीटरकडे बघून निकाल दिलात: इंजिन खोलावं लागेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गाडी उभी म्हणजे भावाचा धंदा उभा, आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून राग येतो.

गाडीनं सगळं सांगितलं होतं. तिची थरथर फक्त आयडलिंगला होती. 2,000 आरपीएमला इंजिन गुळगुळीत चालायचं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन थोडीच हवा ओढतं. अशा वेळी सेन्सरला चुकवून आत घुसलेली थोडीशी हवाही मिश्रण बिघडवते. रेस दिली की एकूण हवा वाढते आणि तीच गळती जाणवेनाशी होते. मिश्रण पातळ झाल्याचा कोड, पी-0171, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बसलेला होता. स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट शोभेसाठी दिलेलं नाही. तिथे स्कॅनर लावायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही तो लावला नाहीत.

दुसऱ्या गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडला, तो ब्रीदरच्या रबरी नळीतून बाहेर आला. ऑइलच्या वाफा आणि इंजिनची धग खाऊन ती कडक झाली होती. मॅनिफोल्डजवळच्या वळणावर, खालच्या अंगाला, उभी चीर. वरून दिसत नव्हती, बोटानं वाकवली की उघडायची. इंजिन चालू ठेवून ती चिमटीत दाबून धरली, तसा काटा 800 वर स्थिर झाला. नवी नळी नाना पेठेत मिळाली. तुम्ही बदललेल्या एका कॉइलच्या पैशात अशा कितीतरी नळ्या आल्या असत्या.

आणि टकटक? ऑइलची पट्टी ओढली तर पातळी किमान खुणेच्याही खाली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवून मूठ कानाला लावली, तर आवाज वरून आणि बारीक येत होता. तो टॅपेटचा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की आवाज खालून येतो, जड असतो आणि लोड आला की वाढतो. हा फरक तुम्हाला माहीत आहे. कान लावायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत. ऑइल बदलून पातळी पुरी केल्यावर टकटक थांबली.

इंजिन खोलायची वेळ खरोखरच येते, पण त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट असते. एका सिलिंडरचं प्रेशर इतरांपेक्षा बरंच कमी आलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. वाढलं तर दोष रिंगांचा, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. कॉइलचा संशय असेल तर दोन नंबरची तीनवर टाकायची. पी-0302 चा पी-0303 झाला तर कॉइल दोषी, नाहीतर नाही. याला पैसा लागत नाही.

रनिंग जास्त झालं म्हणून इंजिन गेलं, हा आळशी निष्कर्ष आहे. जुन्या गाडीत आधी रबर मरतं: नळ्या, माउंटिंग, सील. तिथूनच सुरुवात करायला हवी.

यापुढे बिलावर पार्टची नावं लिहिण्याआधी तपासणीचे आकडे लिहा: कोड, आयडल आरपीएम, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, ऑइलची पातळी. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दोष सापडला नसेल तर ‘सापडला नाही’ म्हणा, त्यानं तुमचा मान कमी होणार नाही. पण न तपासता कुणाचं इंजिन खोलायला सांगाल, तर त्या कामाचे पैसे मागायचा हक्क तुम्हाला नाही.

कळावे.
एका टॅक्सीचालकाचा मोठा भाऊ