हंगामी फुफ्फुसे

मानवी फुफ्फुस हा बारमाही अवयव आहे, असा वैद्यकशास्त्राचा ठाम समज असला, तरी भारतीय विधिशास्त्राला तो मान्य नाही. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, 1948, म्हणजे कामगाराच्या मजुरीतून थोडी आणि मालकाकडून त्याहून अधिक वर्गणी घेऊन कामगाराच्या कुटुंबाला औषधोपचार व खुद्द कामगाराला आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई देणारा देशव्यापी कायदा, कारखान्यांना लागू करताना त्यातून ‘हंगामी कारखाना’ वगळण्यात आला. आणि हंगामी कारखाना कशाला म्हणावे हे सांगणारी जी यादी कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे, तिच्या अग्रस्थानी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा धंदा, आणि त्याच्या मागोमाग प्रेसिंग, म्हणजे रुईच्या गठाणी दाबण्याचा धंदा, विराजमान आहे. भुईमूग, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर आणि चहा ही मंडळी मागून येतात. कापसावर जगणाऱ्या तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याला देशपातळीवरच्या यादीत पहिला क्रमांक क्वचितच मिळत असल्याने, ती यादी वगळण्याची आहे ही बाब गौण मानावी लागेल.

‘हंगामी’ हा शब्द मराठीत एरवी मोठा अदबीचा आहे. हंगामी अध्यक्ष, हंगामी प्राचार्य, हंगामी समिती यांना गाडी, खुर्ची आणि औषधपाण्याचे बिल ही तिन्ही कायमची मिळतात आणि हंगाम सरला तरी खुर्ची रिकामी होत नाही. जिनिंगमधला हंगाम मात्र खराखुरा असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या यार्डात लागतात, रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, फिरू लागतात आणि उन्हे तापू लागली की थांबतात. पहाटेच्या पाळीला आलेली बाई पदराने नाकतोंड बांधून किडका, डागाळलेला कापूस, म्हणजे कवडी, वेचायला बसते. दोन तासांत तिच्या भुवया, पापण्या आणि केस पांढरे होऊन सून सासूसारखी दिसू लागते. पाळी सुटल्यावर ती गुळाचा खडा तोंडात टाकते, कारण गुळाने धूळ खाली उतरते असा धुळीच्या धंद्यातला जुना समज आहे, आणि जिथे विमा नाही तिथे समजावरच भागवावे लागते. यार्डाच्या फाटकावर कापसातला ओलावा 8 टक्के आहे की 12, हे यंत्र खुपसून मोजले जाते. माणसाच्या छातीत किती कापूस गेला हे मोजण्याची पद्धत बाजारात नाही, कारण तो कापूस विक्रीस येत नाही.

या कापसाला कायदा ओळखत नाही, असे मात्र मुळीच नाही. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळेच जडणाऱ्या रोगांच्या अधिकृत यादीत, कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस हा श्वसनाचा रोग नावानिशी नोंदवलेला असून, सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची जुनी खूण मानली जाते. दुसरे कलम म्हणते, जिनिंग वगळा. तिसरी अनुसूची म्हणते, कापसाचा रोग धरा. सूतगिरणीत उडालेली धूळ विमापात्र ठरते आणि त्याच बोंडाची जिनिंगमध्ये उडालेली धूळ हंगामी ठरते. रोगाला कायद्याच्या माजघरात पाट मांडून रोग्याला ओसरीवरून परत पाठवणारा असा पाहुणचार अन्यत्र सहसा आढळत नाही.

असा कायदा घटनेच्या कसोटीवर कधी घासला गेला नाही, असेही नाही. वेगवेगळ्या राज्यांत किंवा त्यांच्या भागांत वेगवेगळ्या तारखांना कायदा लागू करण्याची मुभा पहिल्या कलमाने केंद्र सरकारला दिली होती. हे अतिप्रत्यायोजन, म्हणजे विधिमंडळाने स्वतःचे काम सरकारच्या गळ्यात घालणे, आहे असा आक्षेप बिहारमधल्या कामगारांनी घेतला, कारण त्यांना कारखान्याकडून मिळणारे उपचार विम्याच्या उपचारांहून सरस वाटत होते. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: कायदा पुरा झालेला आहे, तो कुठे व केव्हा लागू करायचा एवढेच सरकारवर सोपवले आहे, म्हणून हे सशर्त विधिविधान होय, आणि असा कल्याणकारी कायदा टप्प्याटप्प्यानेच पसरणार. अमेरिकेत 2010 च्या आरोग्यविमा कायद्यावर असाच खल झाला. विमा घ्यायला लावणारे सरकार उद्या ब्रोकोली, म्हणजे फ्लॉवरची हिरवी चुलत बहीण, विकत घ्यायला लावील काय, यावर विद्वानांनी डोकेफोड केली आणि 2012 साली पाच विरुद्ध चार मतांनी ती सक्ती कर म्हणून तगली. या दोन्ही खटल्यांत वादी कायद्याच्या घरातून बाहेर पडू पाहत होते. ज्याला आत यायचे आहे, त्याला मात्र आधी आदिलाबादहून सुमारे 300 किलोमीटरवरच्या हैदराबादेत वकील गाठावा लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी कोणत्याही अनुसूचीत नाही.

तरीही समजा, कवडी वेचणारी ती बाई अनुच्छेद 14, म्हणजे कायद्यापुढील समानता, हाती घेऊन उभी राहिली, तर तिला ‘वाजवी वर्गीकरणा’चे तत्त्व ऐकवले जाईल. वर्गीकरण करताना दोन गटांतला फरक स्पष्ट दिसायला हवा आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध असायला हवा, असे ते तत्त्व सांगते. फरक स्पष्ट आहे, हे मान्य. एक कारखाना उन्हाळ्यात बंद असतो. पण उन्हाळ्यात न्यायालयांनाही सुटी असते, आणि त्या कारणाने एखाद्या वकिलाचे फुफ्फुस हंगामी ठरल्याचे ऐकिवात नाही. राहिला हेतूचा संबंध. हंगामी माणसाचा हिशोब ठेवणे अवघड, असे सांगावे तर या विम्याचा हिशोबच सहामाही आहे: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. ऑक्टोबर ते मार्च! जिनिंगचा हंगाम मापून शिवल्यासारखी ही सहामाही आहे; तिच्यात 78 दिवसांची वर्गणी भरली की पुढच्या जुलै ते डिसेंबर या काळात आजारपणाच्या 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळावी अशी तजवीज नियमांत आहे; 2019 पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या मजुरीमागे मालकाला सव्वातीन रुपये पडतात. अडचण हिशोबाची नाही, फुफ्फुसाची नाही, घटनेची तर नाहीच नाही. अडचण या सव्वातीन रुपयांची आहे, आणि ते वाचावेत म्हणून एका शब्दाला गेली पाऊणशे वर्षे शालजोडी पांघरून बसवले आहे. हा कायदा संमत झाला तेव्हा, एप्रिल 1948 मध्ये, आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते. निजामी गेली, 1956 साली किनवट आणि राजुरा तोडून राज्याच्या सीमेपलीकडे दिले गेले, पुढे राज्य बदलले, 2016 साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. एवढ्या उलथापालथीत कायमस्वरूपी टिकलेली गोष्ट एकच, ती म्हणजे ‘हंगामी’.

या अधिनियमाची जागा घेणाऱ्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने तरी हा शब्द पुसला असेल, अशी आशा भाबडी ठरते. 2020 साली संमत झालेली ही संहिता पाच वर्षे स्वतःच्या तारखेची वाट पाहत राहिली आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी, ऐन जिनिंगच्या भरात, लागू झाली. हा विमा आता देशभर लागू असल्याचे जाहीर झाले. हंगामी कारखान्याचा अपवाद मात्र तिनेही देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपला आहे.

यावर आरोग्यश्री या सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड पुढे केले जाते, आणि ती योजना चांगलीच आहे. 2007 पासून तिने अनेकांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले आणि डिसेंबर 2023 पासून तेलंगणात तिची मर्यादा 10 लाख रुपये झाली. परंतु योजना म्हणजे सरकारचा निर्णय आणि कायदा म्हणजे कामगाराचा हक्क, हा भेद उरतोच. योजना रुग्णालयाचे बिल भरते, घरी बसलेल्या बाईची मजुरी भरत नाही. आणि सीमेवरची पैनगंगा ओलांडून कामाला आलेल्या बाईचे रेशनकार्ड नदीच्या अलीकडे आरोग्यश्रीसाठी उपयोगी पडत नाही, तिची धूळ मात्र दोन्ही काठांवर सारखीच चालते.

तेव्हा टप्प्याटप्प्याने पसरणाऱ्या कायद्याचा पुढचा टप्पा येईपर्यंत विधिशास्त्राशी सुसंगत वागण्याचा एकच मार्ग कामगारापुढे उरतो: दम लागलाच तर तो मार्चअखेर पुरा करून घ्यावा. रेचे थांबल्यावर, जूनच्या पहिल्या पावसात जो खोकला येतो, तो कायद्याच्या दृष्टीने आजार नसून मागल्या हंगामातला शिल्लक माल होय, आणि शिल्लक माल ज्याचा त्याने आपल्या घरी ठेवायचा असतो.