वाकळखात्याच्या अक्का

नांदेड-लातूरकडच्या बहुतेक घरांत एक अक्का असतात. कुणाच्या त्या आजी, कुणाच्या थोरल्या जाऊबाई, कुणाच्या नवऱ्यामागं माहेरी राहिलेल्या आत्या. नातं बदलतं, खातं तेच राहतं. घरातला फाटका कपडा त्यांच्या संमतीशिवाय उंबरा ओलांडत नाही. सदऱ्याची कॉलर विरली की माणूस तो टाकायचा विचार करतो, पण अक्कांची नजर त्याच्याही आधी त्याच्या पाठीवर पडलेली असते. अंगातला सदरा अजून दिवाळीचा असला तरी तो वाकळीत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत, कुठं बसेल हे ठरून गेलेलं असतं. लोक याला काटकसर म्हणतात. मराठवाड्यानं दुष्काळ पाहिलेत, बायकांना चिंधीही टाकवत नाही, वगैरे. ऐकायला बरं वाटतं, पण हिशोबाला टिकत नाही.

काटकसरच असती तर बोहारीण जिंकली असती. दारात स्टीलचा डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला चार लुगडी दिली की डबा घरात येतो, तोही झाकणासकट. अक्का तिला देतात काय, तर टेरिकॉटच्या पँटी आणि नायलॉनच्या साड्या, म्हणजे ज्यात सुई घसरते ते सगळं. मऊ पडलेलं सुती लुगडं दाखवा म्हटलं की त्या घासाघीस थांबवून सरळ दार लावून घेतात. शिलाईचंही तसंच. हल्ली शहरांत गाडीवर मशीन ठेवून दारात गोधडी शिवून देणारे फिरतात. दुपारभरात काम होतं, पैसेही फार पडत नाहीत. हातानं धावदोरा घालत, कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत पोचायला अक्कांच्या कितीतरी दुपारी जातात. तरी त्या मशीनवाल्याला दारातून परत पाठवतात. कुणाचा कपडा वर घ्यायचा आणि कुणाचा आत भरायचा, हा अधिकार परक्याच्या हाती जाईल, ही खरी अडचण आहे.

मग उरते थंडी. इथं कुणी म्हणेल, लातूर-नांदेडला कसली आलीय थंडी, मे महिन्यात तिथं पारा चाळीसच्या वर असतो. हा पुण्या-मुंबईचा गैरसमज. लातूर बालाघाटाच्या पठारावर सहाशे मीटरच्या वर वसलंय, समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि गोदाकाठी असलं तरी नांदेडचीही सुटका नसते. तेव्हा थंडी खोटी नाही. पण वाकळ शिवली जाते कधी, तर ऐन चैत्र-वैशाखात, शेतातली कामं संपल्यावर. घामाच्या धारा लागलेल्या असताना मांडीवर पाच पदरी कापड घेऊन बसणारी बाई थंडीला भिऊन बसलेली नसते. घटस्थापनेच्या आधी सगळ्या वाकळी धुऊन वाळतात आणि मार्गशीर्षात त्यांचं वाटप होतं. बाकीचं वर्ष नुसती तयारी.

वाटपाचा दिवस अक्का नेमका निवडतात. लातूरकडं वेळ अमावास्येला पुण्याला गेलेले, दुबईला गेलेले, रुसून गेलेले सगळे शेतात हजर होतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलीवर सगळे आडवा हात मारतात. रात्री मुक्कामाला घरी आले की अक्का पेटी उघडतात आणि कुणाची पत काय, हे कुणी काही न बोलता कळतं. इरकली लुगड्याची, खणाची किनार लावलेली नवी वाकळ थोरल्या जावयाला. बिनकिनारीची धाकट्याला. यंदा वाटणीचं बोलणं काढलेल्या पुतण्याला मात्र गेल्या साली शेतातल्या आखाड्यावर नेलेली, जिला अजून कडब्याचा वास येतो. वाकळीला बढती कधीच नसते: आधी पांघरायला, मग अंथरायला, मग आखाड्यावर, शेवटी म्हशीच्या पाठीवर. त्यामुळे हातात पडलेली वाकळ नेमकी कुठल्या पायरीवरची आहे, हे घरातलं पोरगंही वासावरून सांगतं.

बाजारात पानिपतचं मऊ ब्लँकेट स्वस्तात मिळतं आणि सोलापुरी चादर तर हाताशीच आहे, मग वाकळ टिकणार कशी, असं विचारतात. ब्लँकेट सगळ्यांना सारखीच ऊब देतं, हाच अक्कांच्या लेखी त्याचा दोष. नीटची तयारी करायला लातूरला खोली घेऊन राहिलेल्या नातवाच्या ट्रंकेत त्या ब्लँकेटच्या वर वाकळ ठेवतात. तिच्यात आजोबांचं धोतर आहे, बापाचा शाळेचा सदरा आहे. तिच्याखाली झोपून जीवशास्त्रात कमी मार्क आणायला पोराला धीर होत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी अशाच जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, पुढं त्यांची टपाल तिकिटंही निघाली. अक्कांना हे सांगितलं तर कौतुकापेक्षा काळजीच वाटेल. भिंतीवर टांगलेली वाकळ कुणाला द्यायची आणि कुणाला नाही?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. अक्का स्वतः सगळ्यात जुनी, ठिगळांची वाकळ पांघरतात. सत्तेची हाव असती तर नवी ठेवून घेतली नसती का? घरातल्या सुना या त्यागानं हळहळतातसुद्धा. पण सुती कापड जितकं धुतलं जातं तितकं मऊ होतं, आणि नवी इरकली वाकळ पहिले दोन हिवाळे अंगाला टोचते. जावई रात्रभर मानानं कुशी बदलत राहतात, अक्का घोरतात.

खरं संकट पुढंच आहे. नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, धोतरं गेली, आणि गावाकडं येणाऱ्या गाठोड्यात आता लेगिंग्ज निघतात. त्यांना टाका घातला की कापड ताणलं जातं आणि मग आक्रसून वाकळीला सुरकुत्या पडतात. अक्कांनी सध्या त्यांना मधल्या थरात टाकायचा तोडगा काढलाय, जिथं त्या रुसलेल्या नातेवाइकांचे शर्ट भरत आल्यात. पुण्याची सून मात्र आपला एक तरी कपडा वर दिसावा म्हणून हटून बसली आहे, आणि त्यासाठी यंदा तिनं स्वतःहून सुती साडी नेसायला सुरुवात केली आहे.