कुठं चाललाव?

अकोल्याहून निघालेला १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नांदेड, नरसी करत देगलूरला येतो आणि पुढे तेलंगणात संगारेड्डीकडे जातो. नांदेड ते देगलूर सुमारे ८० किलोमीटर. रस्ता झकास, तक्रारीला जागा नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मोटारसायकलवाल्याला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. डावी कड धरायची, हैदराबादकडचा ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्यानं हलायचं, पुन्हा सावरायचं. टोलनाक्यावर तर कोणी आपल्याकडे बघतही नाही. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल माफ. कडेच्या चिंचोळ्या वाटेनं मुकाट निघून जायचं. पैसे वाचतात हे खरं, पण आपण तिथून गेलो याची नोंद कुठेच होत नाही.

आतल्या रस्त्यावर ती चोख होते. हाणेगाव-मरखेलच्या बाजूला गाडी वळवली की पहिल्याच पारावरून प्रश्न येतो, "कुठं चाललाव?" पाठोपाठ दुसरा, "कुण्या गावचे?" आणि तिसरा काळजीचा, "मग हायवेनं का नाही गेलाव?" याचं पटेल असं उत्तर आजवर मला देता आलेलं नाही. 'सहज' म्हटलं तर संशय वाढतो. पाहुणा पोरगी बघायला आलाय, की जमीन, एवढंच ठरायचं बाकी राहतं. तोवर चहा आलेला असतो.

रस्ता विचारला तर "हे काय, इथंच हाय" असं उत्तर मिळतं. 'इथंच' म्हणजे एक किलोमीटरपासून दहापर्यंत काहीही. खूण लिंबाच्या झाडाची, आणि या तालुक्यात लिंबांना तोटा नाही. मी जनावरांवर भरवसा ठेवतो. तांबडा लालकंधारी बैल आडवा आला तर कंधारची बाजू, काळाबांडा देवणी आला तर उदगीरची. दोघंही हॉर्नला दाद देत नाहीत.

कीर्तनकार धुंडामहाराज देगलूरकरांच्या गावाला आडवळणाचं वावडं असायचं कारणही नाही. कीर्तनकार एका अभंगावरून निघतो, तीन गोष्टींत शिरतो, आणि उशिरा आला म्हणून कोणी त्याच्याकडे घड्याळ दाखवत नाही.

अशाच एका आतल्या रस्त्यावर, देगलूरहून ८-१० किलोमीटरवर होट्टल आहे. चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं दगडी मंदिर, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी. एवढं देखणं काम कोणी गल्लीबोळात करून ठेवत नाही. त्या काळी हे नांदतं, नावाजलेलं नगर होतं. म्हणजे हमरस्ता इथूनच जात असणार, आणि आजचा हायवे तेव्हा कुणाच्या तरी वावरातला बांध असेल.

गैरसोयी नाहीत असं कोण म्हणतं? दर घरापुढे घरमालकानं स्वखर्चानं घातलेला गतिरोधक आहे. खड्डे आहेत. सुगीत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं, आणि तेव्हा तो अर्धा रस्ता सरकारचा नसून शेतकऱ्याचा असतो, हे मुकाट्यानं मान्य करावं.

जाणार असाल तर पेट्रोल देगलूरातच भरून घ्या. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, ते ओसरेपर्यंत पारावर बसा. आणि सोयाबीनच्या राशीवरून चाक नेऊ नका.