मानसशास्त्राच्या मॅडमना गुण कसे द्यावेत

सत्र संपत आलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयक्यूएसीची लिंक येते. पाठोपाठ सीआरचा मेसेज: 'सगळ्यांनी आजच भरा, नॅकसाठी लागतंय, नाव लिहायचं नाहीये.' मग विद्यार्थी एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून कँटीनमध्ये उभ्याउभ्या प्राध्यापकांचं मूल्यमापन उरकतो. विषयाचं ज्ञान, संवादकौशल्य, वक्तशीरपणा. एक ते पाच. भूगोलाच्या सरांच्या बाबतीत हे दोन मिनिटांचं काम. मानसशास्त्राच्या मॅडमच्या बाबतीत मात्र पंचाईत होते, कारण माणूस दुसऱ्याला गुण कसे देतो आणि देताना कुठे फसतो, हे त्यांच्याच पेपरला असतं. तेव्हा नव्या बॅचला चार गोष्टी सांगणं आम्ही सीनिअर मंडळी आमचं कर्तव्य समजतो.

सर्वप्रथम, मत पहिल्याच तासाला बनवून टाकावं. याला शास्त्राधार आहे. भारतातून अमेरिकेत गेलेल्या नलिनी अंबाडी यांनी रॉबर्ट रोझेंथल यांच्यासोबत १९९३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकवणाऱ्यांच्या चित्रफितींचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज बंद करून, त्यांनी अनोळखी लोकांना दाखवले. या लोकांनी बांधलेले अंदाज आणि सत्रभर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी दिलेले गुण बरेचसे जुळले. म्हणजे अर्ध्या मिनिटात, तेही एक शब्द न ऐकता, काम होतं. मॅडम दारातून कशा येतात, पर्स टेबलावर ठेवतात की आपटतात, पहिल्या बाकाकडे बघून हसतात का, एवढं टिपून घ्यावं. उरलेलं सत्र या मताला पुरावे गोळा करण्यासाठी मोकळं राहतं.

मत चांगलं झालं असेल तर ते सगळीकडे सारखं लावावं. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७मध्ये एकाच प्राध्यापकाच्या दोन मुलाखती विद्यार्थ्यांना दाखवल्या. एकीत तो प्रेमळ होता, दुसरीत तुसडा. माणूस तोच, इंग्रजी बोलण्याची परदेशी ढब तीच. प्रेमळ मुलाखत पाहणाऱ्यांना ती ढब गोड वाटली, तुसडी पाहणाऱ्यांना तीच कानाला खुपली. आमच्या मॅडम 'म्हणजे बघा हं' असं तासाला असंख्य वेळा म्हणतात. त्यांनी असाइनमेंटला मुदत वाढवून दिली, त्या आठवड्यात हे आम्हाला आपुलकीचं वाटलं. इंटर्नलचे गुण लागले, त्या दिवसापासून मात्र सगळे त्याची नक्कल करतात.

आता 'विषयाचं ज्ञान' हा रकाना. हे ज्ञान किती आहे ते कळायला आपल्यालाही थोडं असावं लागतं, पण त्यावाचून काही अडत नाही. अमेरिकेतल्या एका परिषदेत डॉ. मायरन फॉक्स नावाच्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी जाणती मंडळी. डॉक्टरसाहेब हसतखेळत बोलले, किस्से सांगितले, प्रश्नांना उत्तरं दिली. श्रोत्यांनी फॉर्मवर भरभरून कौतुक केलं. एकाने तर त्यांचं लेखन आपण आधी वाचल्याचंही नोंदवलं. डॉ. फॉक्स हे एक नट होते. त्यांना या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. परस्परविरोधी विधानं आणि निरर्थक शब्द पेरलेलं भाषण त्यांच्याकडून मुद्दाम बसवून घेतलं होतं. हे सगळं १९७३मध्ये छापून आलं. बोध एवढाच घ्यावा, की ज्या सरांच्या तासाला आपण पोट धरून हसलो त्यांना ज्ञानाचे पाचपैकी पाच द्यावेत, आणि वहीत काय उतरलं ते परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत उघडून बघू नये.

तासाच्या शेवटी मॅडम विचारतात, 'काही शंका?' या वेळी काय करावं, याबद्दल नवख्यांमध्ये गोंधळ असतो. काहीही करू नये. शेजाऱ्याच्या वहीकडे बघावं. तो आपल्या वहीकडे बघत असतो. याला कळलंय, आपल्यालाच कळलेलं नाही, असं दोघांनाही वाटतं आणि तास शांततेत संपतो. लाताने आणि डार्ली यांनी १९६८मध्ये एका खोलीत भिंतीतल्या झडपेतून धूर सोडला होता. खोलीत माणूस एकटा असला की शंभरातले पंचाहत्तर उठून सांगायला गेले; सोबत थंडपणे बसून राहणारे दोघं असले, तेव्हा दहाच. आमच्या वर्गात नव्वदजण बसतात, त्यामुळे धुराचा प्रश्नच येत नाही. धोका एकच. मॅडमनाही हा प्रयोग माहीत आहे. त्या वर्गाला उद्देशून पुन्हा विचारत नाहीत, हजेरीपटावर बोट फिरवत एक नाव घेतात. कधी नाव आठवलं नाही तर 'तू रे, खिडकीपाशी, निळा शर्ट.' जबाबदारी नव्वदांत वाटली गेली की कुणाचीच राहत नाही, एकाच्या गळ्यात पडली की तोंड उघडतं. वर्गातली ही दादागिरी असह्य असेल तर संवादकौशल्यात एक गुण कापावा. निळा शर्ट मात्र घालू नये.

प्रात्यक्षिकांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपण एकमेकांवर प्रयोग करतो आणि एकमेकांचं जर्नल उतरवतो. आरशातलं रेखाटन हा प्रयोग सगळ्यांच्या वाट्याला येतो. ताऱ्याची आकृती आणि आपला हात पडद्याआड असतो, समोर फक्त आरसा. आरशात बघत ताऱ्याच्या कडेकडेने रेघ न्यायची. पहिल्या कोपऱ्यापर्यंत ठीक चालतं. तिथे वळायचं असतं, आणि हात ठरवतो की आपण जाणार नाही. पेन एकाच जागी थरथरत राहतं, पुढे म्हटलं की मागे सरकतं, बाजूला स्टॉपवॉच घेऊन बसलेली मैत्रीण खदाखदा हसत चुकांच्या रेघा ओढत असते. नेमक्या त्या क्षणी मॅडम मागे येऊन उभ्या राहतात आणि हेन्री मोलेसनची गोष्ट सांगतात. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढला, त्यानंतर नवी आठवण त्याच्यापाशी टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला हाच तारा काढायला दिला. दररोज त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय. आणि दररोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने फिरे. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. ही गोष्ट सिलॅबसमध्ये नाही, तेव्हा 'अभ्यासक्रम वेळेत पूर्ण केला का?' या प्रश्नाला ती विचारात घ्यावी.

जर्नलमध्ये शेवटी प्रयोग करताना काय वाटलं, ते लिहायचं असतं. 'मला प्रयोग करताना मजा आली. सुरुवातीला कठीण वाटले, नंतर सोपे गेले.' हा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात बदल करू नये. बहिःस्थ परीक्षकांनीही त्यांच्या काळी हेच लिहिलं असणार.

अपसामान्य मानसशास्त्राच्या सत्रात दर आठवड्याला एक नवा विकार आपल्याला झाल्यासारखा वाटतो आणि एक घरातल्यांना. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचंही असंच होतं. घरी निदान जाहीर करू नये. आईला तर अजिबातच नाही.

मुख्य तक्रार सोमवारच्या चिठ्ठीची. आमच्या मॅडम दर सोमवारी हजेरीआधी पाच प्रश्नांची चिठ्ठी देतात; मागच्या आठवड्याचं, वही बंद, गुण कुठेच धरले जात नाहीत. मग घेता कशाला, असं वर्गाचं रास्त म्हणणं. त्यावर त्या रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग सांगतात. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं झालं: वाचणाऱ्यांचं ४२ टक्के उरलं, लिहिणाऱ्यांचं ५६. म्हणून आमचा सल्ला, फॉर्म पाच मिनिटांच्या आतच भरावा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला २०१९चा अभ्यासही या कामी येतो. ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. स्वतः उदाहरणं सोडवत धडपडणाऱ्यांना कमी शिकलो असं वाटलं. चाचणीत धडपडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. फॉर्मवर चाचणीचा रकाना नाही. 'तास आवडला का?' असा आहे.

वक्तशीरपणाचे गुण देताना शिक्षक बाई आहेत की पुरुष, ते आधी बघावं. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन वर्गात शिकवणाऱ्यांची नावं मुद्दाम अदलाबदल केली होती. त्याचा निकाल २०१५च्या सुमारास आला. पेपर एकाच वेळी तपासून परत दिलेले असूनही, ज्यांना शिकवणारा पुरुष वाटला त्यांनी तत्परतेला जास्त गुण दिले. वर्ग छोटाच होता, पण आमच्याकडे सर कडक असले की 'शिस्तीचे' आणि मॅडम कडक असल्या की 'खडूस' होतात, हे कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं.

एवढं सगळं शिकवून त्या बाई आपल्याच हाती हा फॉर्म देतात, त्यातल्या खोचा माहीत असून त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत, आणि जे गुण पडतील ते घेऊन पुढच्या सोमवारी पाच प्रश्न छापून आणतात. माझ्या मते हा फॉर्म निकालानंतर वर्षाने पाठवायला हवा. तसं होणार नाही. नॅकची तारीख असते.

फॉर्मच्या तळाशी 'इतर सूचना' असा एक रिकामा रकाना असतो. त्यात बहुतेकजण 'नथिंग' लिहितात, नाहीतर एक टिंब देऊन सबमिट करतात. तसं करू नका. चिठ्ठ्या पुढच्या बॅचलाही हव्यात की नकोत, एवढं एक वाक्य तिथे नक्की लिहा.