प्रागमधली संकष्टी

आमच्या चौघांच्या दौऱ्यात वेळापत्रक नानाकडे होतं आणि हिशोब अण्णाकडे. बापू बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, त्याच्याकडे शंका. माझ्याकडे कोरे करकरीत बूट, ज्यांनी प्रागच्या दगडी गल्ल्यांत पहिल्या तासातच माझ्याशी असहकार पुकारला. नानाने पुण्यातूनच ट्रॅमचे नंबर, जिन्यांच्या पायऱ्या, स्वच्छतागृहांचे दर, सगळं वहीत उतरवून आणलं होतं. फक्त कालनिर्णय बघायचं राहिलं. प्रागमधला आमचा पहिलाच दिवस संकष्टीचा निघाला.

हॉटेलात नाश्ता फुकट होता. ‘फुकट’ म्हणजे पैसे आधीच घेतलेले, त्यामुळे अण्णाला तो वसूल करायचा होता. नाना कोमट पाणी पीत बसला. अण्णाने इकडेतिकडे बघत तीन उकडलेली अंडी कागदी नॅपकिनात गुंडाळून पिशवीत सोडली.

चार्ल्स पुलाच्या मध्यावर नानाने वही उघडली.

“चौथ्या चार्ल्स राजाने याचा पाया घातला. साल 1357, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे पाच एकतीस, असं सांगतात. आता नुसते आकडे मांडा. एक, तीन, पाच, सात, नऊ, सात, पाच, तीन, एक!”

“म्हणजे मुहूर्त काढलान की!” अण्णा खूश झाला.

“पूल मुहूर्तावर टिकत नाही, चुन्यावर टिकतो,” बापू म्हणाला. “आणि 1890 च्या पुरात याच्या कमानी कोसळल्यात, ते वाचलंस का?”

“चुन्याचंच सांगतोय. दंतकथा अशी आहे, की चुना घट्ट व्हावा म्हणून राजाने गावोगावहून अंडी मागवली आणि ती चुन्यात...”

नाना थांबला. त्याने हळूच पायाखाली पाहिलं. पूल 516 मीटर लांब.

“मागे फिरलास तरी तेवढीच, पुढे गेलास तरी तेवढीच,” बापूने लगेच गणित सोडवून दिलं. “आणि तू टेकलायस तो कठडाही त्याच चुन्यातला.”

नाना कठड्यापासून झटकन दूर झाला. वाचन मात्र अर्धवट सोडवेना. वेल्वारी नावाच्या गावाने म्हणे वाटेत फुटू नयेत म्हणून अंडी चक्क उकडून पाठवली. आम्ही खो खो हसलो. अण्णा हसला नाही. “हिशोबी माणसं,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि त्याने पिशवी उघडली. विमानातून आणलेलं मीठही होतं त्याच्याकडे. तीस पुतळ्यांतल्या एका संताच्या सावलीत आम्ही तिघांनी ती अंडी सोलली. नाना नदीकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी सहाला नानाला वहिनींचा फोन आला. पुण्यात साडेनऊ वाजले होते, चंद्र उगवला होता, मोदक झाले होते.

“झालं की मग! सोड तूही,” मी म्हणालो.

“मी पुण्यात आहे का?” नानाने विचारलं. याला उत्तर नव्हतं.

रात्री आम्ही जुन्या चौकातल्या त्या प्रसिद्ध घड्याळासमोर उभे. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात, बारा प्रेषित एकामागोमाग डोकावतात, सापळा घंटेची दोरी ओढतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. दिवसाचा शेवटचा खेळ अकराचा. शेकडो फोन वर गेले. पुढच्या बाईच्या फोनमध्ये मला साडेतीन प्रेषित दिसले. मिनिटभरात सगळं आटोपलं आणि लोक ‘एवढंच?’ असा चेहरा करून पांगले.

नाना हलला नाही. त्याने प्रेषितांकडे बघितलंच नव्हतं. त्याची नजर खिडक्यांखालच्या मोठ्या तबकडीवर खिळली होती.

“अरे, हे पंचांग आहे!” तो ओरडला. “बघा, बारा राशी. तो चांदणीचा काटा नक्षत्रकाळाचा. बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले तास. आणि तो अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा म्हणजे चंद्र. कलेसकट!”

बापू पहिल्यांदाच शंका न काढता पुढे झाला. तबकडीचा खालचा काळा भाग म्हणजे रात्र, वरच्या निळ्या आकाशाच्या खालच्या कडेची रेघ म्हणजे क्षितिज, हे त्याने पाच मिनिटांत लावलं.

“डावीकडे बघ, नाना. गोळा रेघेच्या वर आलाय. चंद्रोदय झाला.”

आम्ही आभाळाकडे पाहिलं. चारी बाजूंना उंच घरं आणि त्यांवर ढग.

नाना घुटमळला. “यंत्रातला चंद्र चालत नाही रे.”

“1410 पासून चालतोय,” बापू म्हणाला. “मधल्या दुरुस्त्या सोड.”

नानाने तबकडीला हात जोडले आणि खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढला.