पिस्टनचा पव्वा

वर्धा हे गाव मोटारीच्या इंजिनाला अजिबात मानवत नाही. खड्ड्यांमुळे नव्हे, अंतरांमुळे. बाजार, बँक, स्टेशन, सगळं इतकं हाताशी की इंजिन जरा अंगात येतंय तोवर मुक्काम येतो. लांबचा प्रवास म्हणजे सेवाग्राम, तोही जेमतेम 8 किलोमीटरचा. मे महिन्यात आपण 45 डिग्रीत भाजून निघतो, पण इंजिनाला 80-90 डिग्री लागतात. त्याच्या हिशेबी आपला उन्हाळा म्हणजे पहाटेचा गारवा. असल्या अर्धवट तापलेल्या इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही, झिजल्या रिंगांच्या फटीतून ऑइल वर चढतं, आणि दोघांची मिळून पिस्टनच्या माथ्यावर काळी खरपुडी धरते. मुळात या जिल्ह्याला मोटारीचं अप्रूप कमीच. 1951 साली विनोबा इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला निघाले, तेसुद्धा पायी.

माझी जुनी, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची गाडी या खरपुडीपायी हट्टी झाली होती. किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन खडखडत राही. आत कार्बन लाल झालेला असतो, तो ठिणगीविनाच पेट्रोल पेटवत बसतो. शेजारचे निवृत्त गुरुजी व्हरांड्यातून विचारत, "आत कोणी राहिलं का हो?"

आर्वी नाक्यावरच्या मिस्त्रीनं प्लग काढला, भोकातून बॅटरी मारली आणि मलाही एक डोळा लावायला सांगितलं.

"पाह्यलं का? कशी पापडी जमली हाये. हेड खोला लागते."

माझा चेहरा बघून त्यानं भाव उतरवला. "नाही तं एक डाव नागपूरले न्या. हायवेवर खेचा. जळून जाते थोडी."

उपाय फुकटचा आणि शास्त्रशुद्ध होता. पण नागपुरात मेव्हणी राहते. तिच्याकडे न जाता परत येणं शक्य नाही, आणि जाऊन त्याच दिवशी परत येणं तर त्याहून शक्य नाही.

"मग केमिकल टाका जी," मिस्त्री म्हणाला आणि मोठ्या कॅनमधून त्यानं थोडं ओतून दिलं. कशात, तर पव्व्यात. दारूबंदीच्या जिल्ह्यात रिकामा पव्वा कुठून आला, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. असल्या बाबतीत वर्धेकर फार सुसंस्कृत. मी तो डिकीत जॅकखाली दडवला. 1949 च्या दारूबंदी कायद्यात पिस्टनला काही सवलत आहे का, यावर हवालदाराशी भर चौकात चर्चा करायची माझी तयारी नव्हती.

गरम इंजिनात हे ओतायचं नसतं, भडका उडायचा. त्यामुळे कामाला अंधार पडल्यावरच मुहूर्त लागला. उघडं बॉनेट, बॅटरी, हातात पव्वा, आणि शेजारी सौभाग्यवती हिशेब ठेवायला. मी सिरिंजनं एकेका भोकात सोडत होतो.

"मधल्याला जास्त झालं," ती म्हणाली. आवाज तिचा मुळातच खणखणीत. पलीकडच्या दोन खिडक्या उघडल्या.

मधल्याला जास्त मावणारच. तीन सिलिंडरच्या इंजिनात तिन्ही पिस्टन कधी एका पातळीवर येत नाहीत. एक वर असला की बाकीचे खाली. पण हे रात्री नऊ वाजता खिडक्यांना कोण सांगणार?

रात्रभर मुरू दिलं. सकाळी प्लग न लावताच, भोकांवर फडकं टाकून स्टार्टर मारायचा असतो. पातळ पदार्थ दाबला जात नाही. तो आत कोंडून इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गुरुजी खादीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात नेमके वाकून बघायला आले.

"लांब व्हा, गुरुजी."

"अहो, मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय."

बायकोनं किल्ली फिरवली. फडकं उडालं. तिन्ही सिलिंडरांनी रात्रीचं सगळं एका दमात बाहेर टाकलं, आणि विज्ञानाच्या छातीवर काळा नकाशा उमटला.

पुढे प्लग लावून गाडी सुरू केली तेव्हा असा धूर निघाला की समोरची तुळस दिसेनाशी झाली. ऑइलही लगोलग बदललं, कारण केमिकल रिंगांतून झिरपून त्याचं पाणी करतं. पिस्टन कोरे करकरीत झाले म्हणणार नाही, तिसऱ्याच्या कडेला खरपुडी आहेच. पण किल्ली काढली की गाडी आता मुकाट्यानं गप्प बसते.

संध्याकाळी गुरुजी फाटकाशी आले. सदरा तीनदा धुऊनही डाग हलला नव्हता.

"ते तुमचं... राहिलंय का थोडं?"

मी पव्वा पुढे केला. त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि पिशवीतून स्टीलची वाटी काढली.

"यात ओता. बाटली राहू द्या तुमच्याकडंच."